अस्पष्ट क्रमांक पथक

सोमवार, ४ मार्च

आज मला तळघरातून वर काढलं. एकोणीस वर्षांनी!

झालं असं. अकराच्या सुमारास आमच्या वाहतूक शाखेचे साहेब स्वतः जिना उतरून रेकॉर्ड रूममध्ये आले. साहेब खाली येतात ते फक्त पाणी तुंबलं की, म्हणून मी आधी पायाखाली बघितलं. कोरडं होतं. त्यांच्या हातात एक जुनं रजिस्टर, पान भिजून शाई पसरलेली. "तिघांना दाखवलं, कुणालाच लागत नाही. तुम्ही बघता का?" मी वाचलं. त्यात काय एवढं? शाई पसरते, पेनाचा दाब थोडाच पसरतो! सबंध पान धडाधड वाचून दाखवलं, खालच्या सहीसकट. सही करणाऱ्याला त्या दिवशी घाई होती हेही सांगितलं. साहेब मटकन पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इथं काय करताय?"

मग सगळं सांगितलं. शहरात नंबर न वाचता येणाऱ्या गाड्यांचा सुळसुळाट झालाय. कुणी पाटीला चिखल फासतं, कुणी कोपरा वाकवतं, कुणी आकडे खरवडून टाकतं. चौकातल्या कॅमेऱ्याला काही कळत नाही. गाडी वाटेल तिथं लावायची, वाटेल तशी हाकायची आणि नोटीस कुणाच्या नावानं काढणार? म्हणून नवीन पथक निघालंय, अस्पष्ट क्रमांक पथक. पथकात माणसं दोन. एक हवालदार आणि एक मी.

मला पिवळं जाकीट मिळालं, शिट्टी मिळाली आणि दोन डायऱ्या. खरं तर एकच मिळायची, दुसरी चुकून आली. ती परत करायला हवी होती. तीच ही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला वाचता येतं म्हणून घेतलं, आणि काम न वाचता येणाऱ्या नंबरांचं?" मी म्हटलं, हो. "मग कसं व्हायचं?" म्हणाली आणि पुन्हा मटार सोलायला लागली. आईला ऑफिसातलं काही कळत नाही.

मंगळवार, ५ मार्च

काय तो दिवस! काय ते ऊन! मी विसरलेच होते की दुपारी बाहेर एवढा उजेड असतो.

हवालदार उंच आहेत, बोलतात कमी. वय सत्तेचाळीस (त्यांनी आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं). मोटरसायकल त्यांची स्वतःची आणि तिची पाटी अशी लख्ख, की त्यात केस विंचरावेत. मागे बसायला मला आधी संकोच वाटला. मग पहिल्याच वळणावर वाटला नाही. चाळिशी उलटल्यावर माणसाला वाऱ्यावर केस उडवायला मिळाले तर आकाश ठेंगणं होणारच की.

नियम सोपा आहे. वीस पावलांवरून साध्या डोळ्यांना नंबर वाचता आला पाहिजे. नाही आला तर जागेवर पावती. गाडी चुकीच्या जागी उभी असेल तर सरळ उचलायची.

भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत अकरा गाड्या पकडल्या. एकीच्या पाटीवर टॉवेल वाळत घातलेला. एकीवर आकड्यांच्या जागी वेलबुट्टीच. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, हे दोन आहेत. हंस नाहीये तो." एक पिठाच्या गिरणीवाला तर पावलांवरूनच भांडायला उठला. "कुणाची वीस पावलं? यांची? ह्या माणसाचं एक पाऊल म्हणजे माझी दीड!" मग तो स्वतः मोजायला लागला, टाचेला अंगठा लावून, आणि वीस पावलांत जेमतेम स्वतःच्या डिकीपर्यंत पोचला. हवालदार हसले. हसताना त्यांचा चेहरा अगदीच वेगळा दिसतो.

मी अकराही नंबर वाचले. चिखलाखालचे, गंजाखालचे, आणि टॉवेलाखालचाही, टॉवेल वाऱ्यानं हलला तेव्हा. हवालदार माझ्याकडे बघत राहिले. "बाई," म्हणाले, "हे कसं?" मी म्हटलं, आकडा झाकला तरी त्याची बसायची ढब झाकत नाही. आठ कायम ऐसपैस बसतो. चार कोपर काढून बसतो. त्यांनी हे डायरीत लिहून घेतलं.

सोमवार, ११ मार्च

पहिली सुनावणी! मी जिंकले!

पकडलेल्यांपैकी पाच पाण्याचे टँकर होते, सगळे एकाच मालकाचे. सगळीकडे त्याला टँकरशेठच म्हणतात. शेठनी वकील आणला होता, चांगला काळ्या कोटातला. सुनावणी अधिकारी बाईच आहेत, चष्मा साखळीला लावलेला, सर्दी झालेली. वकिलांनी मला उभं केलं.

"बाई, टँकर किती लांब होता?"

"तीस पावलं."

"वीस नव्हे?"

"तीस. मोजून."

"आणि पाटीवर चिखल होता?"

"होता की! बोटभर जाड."

"तरी आपण नंबर वाचलात?"

"वाचला."

"सांगाल का?"

सांगितला. पाचही टँकरांचे सांगितले, न अडखळता. एकाच्या पाटीला तिसरा स्क्रू नाही हेही सांगितलं. वकील म्हणाले, "वा!" अगदी मनापासून. अधिकारी बाईंनी रुमालात नाक शिंकरत काहीतरी लिहिलं आणि पाचही जण मोकळे झाले. मला वाटतं, आधी मोकळं करून मग दंड करायची पद्धत असावी. जाताना वकिलांनी माझ्याशी हात मिळवला. विरुद्ध बाजूचा माणूस, पण मन केवढं मोठं!

साहेब मागच्या बाकावर कपाळाला हात लावून बसले होते. ऊन लागलं असावं.

मंगळवार, १२ मार्च

ऊन लागलं नव्हतं.

साहेबांनी दार लावून समजावून सांगितलं. नंबर वाचता आला म्हणजे तो अस्पष्ट नव्हता. अस्पष्ट नव्हता म्हणजे गुन्हा नाही. मी जितकं चांगलं वाचणार, तितके ते सुटणार. "बाई, तुम्ही आमच्या साक्षीदार की त्यांच्या?"

माझं तोंड एवढंसं झालं. साहेब वाईट नाहीत. हळूच म्हणाले, "नाही आला वाचता, असं म्हणायला काय जातंय?" मी म्हटलं, साहेब, मला येतो हो. मी काय करू?

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी मटार सोलताना काय म्हटलं होतं?" मी जेवले नाही. नंतर थोडं जेवले.

बुधवार, १३ मार्च

आज वाचता न येण्याचा सराव केला. एक डोळा मिटून बघितलं, येतं. दोन्ही किलकिले करून बघितलं, येतं. हवालदारांचा काळा चष्मा घालून बघितलं, त्यातूनही येतं. उलट चकाकी गेल्यामुळे जास्तच स्पष्ट. हवालदार म्हणाले, "डोळ्यांत पाणी आणून बघा." मी म्हटलं, ते काल आणून झालं.

त्यांनी चष्मा परत घेऊन पुसला. मग म्हणाले, "बाई, माझे डोळे साधे आहेत. मी वीस पावलांवर उभा राहतो आणि येत नाही म्हणतो. मग तुम्ही पुढे व्हा आणि वाचा. मला येत नाही हा गुन्हा झाला, तुम्हाला येतो म्हणून पावती योग्य माणसाला गेली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढी सोपी गोष्ट! काखेत कळसा आणि आम्ही गावभर फिरत होतो.

साहेब म्हणाले, चालेल. चहा मागवला, त्यात आलं होतं!

मंगळवार, १९ मार्च

चार दिवसांत बासष्ट गाड्या. लिहायला सवड मिळाली नाही, माफ कर, डायरी.

आता लोक मला ओळखतात. पावती फाडली की ओरडतात, "यांना येत नाही ते सोडा, बाईंना विचारा! बाई, वाचा!" मी वाचते आणि पावतीवर लिहिते. मग तेच जीभ चावतात. टँकरशेठचे वकील अजून तोच मुद्दा धरून बसलेत. सुनावणीला दर वेळी म्हणतात, "आमच्या पाट्या उत्तम आहेत, बाईंना कोणत्याही चिखलातून, कितीही लांबून वाचता येतात, लिहून घ्या." अधिकारी बाई लिहून घेतात. पण आता "साधे डोळे" म्हणजे हवालदारांचे, असा आदेश झालाय. शेठला दोन टँकर धुवावे लागले म्हणे. स्वतःच्याच पाण्यानं!

चौकात चहाच्या टपरीजवळ थांबलो की लोक वाटेल ते वाचायला आणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तर रोजच्याच. औषधांच्या दुकानदारानं आज स्वतः तीन आणल्या आणि म्हणाला, "बाई, कुणाला सांगू नका." एक म्हातारे गृहस्थ भावाचं पन्नास वर्षांपूर्वीचं पत्र घेऊन आले, घडीवर फाटलेलं. त्यात फक्त ट्रंक पोचली का, असं विचारलं होतं. ते दोनदा वाचायला लावलं आणि डोळे पुसत गेले.

हवालदारांनी माझ्यासाठी कुठून तरी स्टूल आणलंय. रोज मोटरसायकलला बांधून आणतात आणि सावलीत ठेवतात. सरकारी कामात साधनसामग्रीकडे इतकं लक्ष देणारा माणूस मी पाहिला नाही.

फक्त त्यांना रस्ते नीट माहीत नाहीत. ऑफिसला परत जाताना दर वेळी आमच्याच गल्लीवरून वळसा घेतात. मी सांगितलं, उजवीकडून जवळ पडतं. "हो का?" म्हणाले, आणि आजही डावीकडूनच गेले.

बुधवार, २० मार्च

आईनं खिडकीतून हाक मारून हवालदारांना वर बोलावलं. खिडकीची कडी घट्ट झाली होती, म्हणून. त्यांनी कडी काढली, तेल दिलं आणि म्हणाले, एक स्क्रू उद्या आणतो. आई म्हणाली, "मुलगा चांगला आहे." मी म्हटलं, मुलगा? आई, सत्तेचाळीस वर्षांचे आहेत ते. बायको जाऊन सात वर्षं झाली, बहिणीकडे राहतात. आई म्हणाली, "तुला बरंच माहितीये." रोज मोटरसायकलवर बसल्यावर माणूस काय मुका बसणार?

शुक्रवार, २२ मार्च

आज लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

शाळेसमोर रस्ता ओलांडून देणाऱ्या एक बाई आहेत. हातात "थांबा" लिहिलेली गोल पाटी, म्हणून मुलं त्यांना थांबाबाई म्हणतात. साठीच्या आहेत, आवाज खणखणीत. दुपारी बाराला शाळेच्या दाराशी, जिथं गाडी उभी करायचीच नाही तिथं, एक टँकर उभा होता. आम्ही रस्त्यापलीकडे टपरीजवळ होतो. आम्ही उठेपर्यंत तो मागे न बघता मागे आला. थांबाबाईंनी दोन मुलींना ढकलून बाजूला केलं आणि स्वतः खाली पडल्या. टँकर क्षणभर थांबला, मग सुसाट निघून गेला.

हवालदार त्यांच्याकडे धावले. आणि मी? मी पाटीकडे बघितलं. आधी पाटीकडे, मग माणसाकडे. हे मला आवडलेलं नाही. कुणाला सांगणार नाही, पण इथं खोटं का लिहू?

पाय मोडलाय. मांडीचं हाड. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना त्या माझा हात धरून विचारत होत्या, "मुली बऱ्या आहेत ना?" मुली बऱ्या आहेत.

बारा जणांनी टँकर पाहिला, नंबर एकालाही सांगता आला नाही. चिखलच तेवढा होता. मी साठ पावलांवर होते. पहिले चार आकडे ५२८३, एवढं नक्की. डावा खालचा कोपरा वाकलेला, हेही नक्की. शेवटच्या आकड्याच्या डोक्यावर मात्र चिखलाचा गोळा होता आणि खाली नुसती काडी. एक की सात? साहेबांना म्हटलं, सात. "नक्की?" बहुतेक, म्हटलं. ते म्हणाले, "बाई, बहुतेकवर कुणाला पकडता येत नाही."

शनिवार, २३ मार्च

टँकरशेठकडे ५२८३१ पण आहे आणि ५२८३७ पण! ओळीनं घेतलेत सगळे. शेठ म्हणतो, एकवाला गेल्या वर्षीच भंगारात गेला. सात नंबर गॅरेजात होता, बघा हवं तर, वर्षभर त्याला तीच पाटी आहे. साहेबांनी पाहिली. नवरीसारखी चमकतेय. कोपरा सरळ.

म्हणजे मी चुकले? एकोणीस वर्षांत मी एकही आकडा चुकीचा वाचलेला नाही. पण चुकल्याचं कळवायला तरी तळघरात कोण येणार होतं?

सोमवार, २५ मार्च

घरी आले तर आई द्राक्षं खात होती. मोठी टोपली, रिबिन बांधलेली. टोपलीत एक चिठ्ठी: "बाईंनी डोळ्यांची काळजी घ्यावी. वयानुसार दृष्टिभ्रम होतात. एक हितचिंतक."

मी म्हटलं, आई, ही टँकरशेठकडून आलीत, ही धमकी आहे!

आई खाता खाता थांबली. "गोड होती गं. मला काय ठाऊक धमकीची आहेत." मग थोडा विचार करून म्हणाली, "निम्मी उरलीत. निम्मी परत केली तर निम्मीच धमकी होईल का?"

आम्ही दोघी हसून हसून लोळलो. कितीतरी दिवसांनी. तेवढ्यात हवालदार आले (स्क्रूसाठी, तिसऱ्यांदा. पहिला आखूड निघाला, दुसरा लांब). त्यांना चिठ्ठी दाखवली. ते हसले नाहीत. चिठ्ठी आणि टोपली उचलून सरळ साहेबांकडे घेऊन गेले, स्क्रू खिशातच राहिला. वळताना म्हणाले, "बाई, तुम्ही सात म्हणाला ना? मग सात."

मला एकदम बरं वाटलं. का कोण जाणे, त्यांना तर नंबर दिसलाही नव्हता.

बुधवार, २७ मार्च

साहेबांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, दाखला हवा म्हणून. डॉक्टरांनी तक्ता दाखवला. मी शेवटची ओळ वाचली. "बास," म्हणाले. मी म्हटलं, अजून एक ओळ आहे की, आणि खाली छापखान्याचा पत्ता वाचला. डॉक्टर खुर्ची सरकवून तक्त्याला नाक लावून उभे राहिले. "अरेच्चा! बारा वर्षं हा इथं टांगलाय." मग त्यांनी बायकोला आतून बोलावलं, कंपाउंडरला बोलावलं, बाहेरच्या तीन पेशंटना बोलावलं आणि मला पुन्हा वाचायला लावलं. पेशंटांपैकी एकानं टाळ्या वाजवल्या, पण त्याच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्याला काही दिसत नव्हतं.

मंगळवार, २ एप्रिल

कुठून सुरू करू? पाय जमिनीवर ठरत नाहीयेत. आईनं दोनदा सांगितलं, बसून लिही.

सुनावणीला खोली भरलेली. टँकरशेठ पहिल्यांदाच स्वतः आले होते, शेजारी वकील. मागच्या बाकावर गॅरेजातला एक माणूस, मांडीवर गोणपाटात काहीतरी गुंडाळून. थांबाबाईंची सूनही होती. मी घडलं ते सांगितलं. शेवटच्या आकड्याच्या डोक्यावर चिखल होता हेही सांगितलं, लपवलं नाही.

वकील उठले. "साठ पावलांवरून, चिखलानं माखलेली पाटी, क्षणभरात. मानवी डोळ्यांना हे शक्य नाही."

अधिकारी बाईंनी चष्मा चढवला, रजिस्टर उघडलं आणि शांतपणे वाचलं. "'बाईंना कोणत्याही चिखलातून, कितीही लांबून वाचता येतं.' हे आपलंच म्हणणं, वकीलसाहेब. अकरा मार्चपासून नऊ वेळा. आज त्यांची नजर अधू झाली का?"

खोलीत खसखस पिकली. वकिलांच्या कानांचा रंग बदलला, पण माणूस हुशार. म्हणाले, "मग आत्ताच परीक्षा होऊ द्या. आम्ही एक पाटी आणली आहे, चिखलानं भरलेली. आमची एवढी माणसं आहेत, त्यातल्या एकाला जरी ती वाचता आली तरी सांगा. बाईंना आली तर आम्ही दुसरा शब्द बोलणार नाही."

गोणपाट उघडलं. काळपट, ग्रीस आणि माती थापलेली पाटी. शिपाई ती घेऊन बाहेरच्या लांब कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभा राहिला. हवालदारांनी पावलं मोजली, साठ. त्यांची पावलं, म्हणजे गिरणीवाल्याची नव्वद.

मी बघितलं. आणि माझ्या अंगावर काटाच आला. मी शेजारच्या भिंतीला हात टेकला. हवालदार हळूच म्हणाले, "नाही आलं तरी चालेल, बाई." मी म्हटलं, आलंय हो!

मग मी मोठ्यानं म्हणाले, "५२८३७. डावा खालचा कोपरा वाकलाय. चिखल वाळून तडकलाय, म्हणून आज शेवटच्या आकड्याचं डोकं दिसतंय. सातच आहे."

वकील हसले. "पाहिलंत? बाईंनी एक नंबर पाठ केलाय, तोच सगळीकडे दिसतो."

शेठ मात्र हसले नाहीत. ते मान वळवून गॅरेजातल्या माणसाकडे बघत होते.

अधिकारी बाई म्हणाल्या, "धुवा."

शिपायानं बादली आणली. दोन तांबे पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं. पाच निघाला. दोन निघाला. आठ, ऐसपैस. तीन. मग सात! आणि वाकलेला कोपरा तर सगळ्यांच्या समोरच होता.

शेठ गॅरेजवाल्यावर खेकसले, "ही कशाला आणलीस?"

तो बिचारा म्हणाला, "शेठ, तुम्हीच म्हणालात, सगळ्यांत घाण असेल ती आण. ही दहा-अकरा दिवसांपूर्वीच सातवरून काढली, वरच पडली होती. नंबर कुणाला दिसतोय तिच्यावर?"

वकिलांनी हळूच फाइल बंद केली. अधिकारी बाईंना एकदम जोराची शिंक आली. मला वाटतं ती शिंक नव्हती.

पाटी जप्त. टँकर जप्त. शेठला आणि ड्रायव्हरला साहेब तिथूनच चौकीत घेऊन गेले, पुढचा खटला मोठ्या कोर्टात. मी बाहेर बाकावर बसले आणि रडायलाच लागले. थांबाबाईंच्या सुनेनं मला पाणी दिलं. हवालदार समोर उभे, दोन्ही हात मागे, काय करावं ते न कळून. शेवटी म्हणाले, "स्टूल आणू का?" मी बाकावर बसलेली असताना!

गुरुवार, ४ एप्रिल

थांबाबाईंना भेटून आलो. पाय वजनं लावून टांगलेला, आवाज तसाच खणखणीत. वॉर्डातल्या नर्सना शिस्त लावताहेत. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी मी आधी पाटी बघितली, तुमच्याकडे नाही. सांगून टाकलं एकदाचं. त्या म्हणाल्या, "बरं झालं की. माझ्याकडे बघायला हा होता ना," आणि हवालदारांकडे बोट केलं. मग आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

गैरसमज दूर करायला मी तोंड उघडलं, तर हवालदारांना एकदम खोकला आला. पाणी आणायला म्हणून गेले ते वीस मिनिटं आलेच नाहीत. धूळ फार खातो आम्ही रस्त्यावर.

शुक्रवार, ५ एप्रिल

मी इतकी संतापलेय की पेनाचं टोक मोडेल.

हवालदारांनी बदलीचा अर्ज केलाय! सिग्नल शाखेत! मला न सांगता! सगळं इतकं छान चाललेलं असताना! साहेबांकडून कळलं. मी विचारलं, माझं काही चुकलं का? साहेब कागद उलटेपालटे करत म्हणाले, "छे छे. नियमाचा प्रश्न आहे. एका पथकात दोन नातेवाईक ठेवता येत नाहीत."

मी म्हटलं, साहेब, पथकात आम्ही दोघंच. नातेवाईक कुठून आला?

साहेब म्हणाले, "तेच, बाई. तेच," आणि फोन वाजला नसताना उचलला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण ती नवे पडदे लावत होती. रविवारी हवालदार येणार म्हणे, स्क्रू बसवायला. सोबत त्यांची बहीण. स्क्रू बसवायला बहीण कशाला? म्हटलं, येऊ देत, तोंडावर विचारते. आई म्हणाली, "विचार हो," आणि स्टुलावर उभी राहून एकटीच हसत बसली. पडेल अशानं.

शनिवार, ६ एप्रिल

कुठं आठ ऐसपैस बसतो ते मला कळतं, आणि हे कळलं नाही. अगं बाई. अगं बाई गं!

आज ऑफिसात कुणाच्याही तोंडाकडे बघवलं नाही. जिना उतरून जुन्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन अर्धा तास रॅकमागे उभी राहिले. कसला स्क्रू!

रविवार, ७ एप्रिल

ते आले. नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. बहीण ठेंगणी, हसरी. आईला म्हणाली, "तुमची खिडकी बघायला आले," आणि खिडकीकडे ढुंकूनही न बघता आईबरोबर स्वयंपाकघरात गेली. स्क्रू मात्र खरोखरच आणला होता. त्यांनी तो बसवला. दोन मिनिटांचं काम, अगदी बरोबर मापाचा.

मग मी विचारलं, "बदली मागण्याआधी मला विचारायचं नाही का?"

ते स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिले. "तुम्ही नाही म्हणाला असता, तर निदान पथक तरी वेगळं असतं. रोज तोंड दाखवायला तुम्हाला अवघड झालं नसतं."

नाही म्हटलं तर, म्हणून आधीच बाजूला झाला हा माणूस! माझ्यासाठी! मी त्यांच्याकडे नीट बघितलं. एवढे दिवस मागे बसून फक्त त्यांची मान बघितली होती मी.

विचारलं, "अर्ज कुठं आहे आता?"

"साहेबांच्या टेबलावर. उद्या सही होईल. तुम्ही म्हणत असाल तर मागे घेतो."

मी म्हटलं, "नको. होऊ द्या मंजूर."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला, चांगला दणकन. स्वयंपाकघरात इतका वेळ टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता होती. तिथं एकाच वेळी दोन नळ सुरू झाले आणि दोन बायका धुतलेले कप पुन्हा धुवायला लागल्या.